तिखूर, रताळ्याचे पीठ आणि त्यांचे खरे गिऱ्हाईक

गडचिरोली जिल्ह्याच्या कोरची तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या आमच्या भागात, धानाची मळणी आटोपली की बाया कुदळी घेऊन तिखुराचे कंद खणायला जंगलात जातात. तिखूर हे हळदीच्या कुळातले रानझाड आहे आणि त्याच्या कंदातून निघणारे पांढरे सत्त्व शहरातल्या दुकानांत तवकीर म्हणून विकले जाते. आमच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे. दूध पचत नसलेल्या लेकराला त्याची पेज देतात, बाळंतिणीला खीर देतात आणि उन्हाळ्यात त्याचे सरबत करतात. विकायची वेळ आली की मात्र कच्चे कंद किंवा अर्धवट वाळलेले खडे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याच्या पोत्यात पडतात आणि तो सांगेल तो भाव घ्यावा लागतो. नदीकाठच्या रेताड जमिनीत होणाऱ्या रताळ्यांचीही तीच गत आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात त्यांना मागणी असते आणि उपवास सुटला की तीच रताळी आठवडी बाजारात दहा-बारा रुपये किलोने काढावी लागतात. आमच्या बचत गटाने या दोन्हींवर गावातच प्रक्रिया करून तयार माल विकायचे ठरवले. गटाचे हिशेब आणि पत्रव्यवहार माझ्याकडे असल्याने बाजाराच्या शोधाचे बहुतेक कामही माझ्याकडे आले. अशा प्रकारचे काम करू पाहणाऱ्या इतर गटांना त्यातला तपशील उपयोगी पडावा, या हेतूने मी हे लिहीत आहे.

आमचा पहिला विचार सरळ होता. सत्त्व म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च तर सगळीकडे लागतो. मिठाईवाल्याला, आइस्क्रीमवाल्याला, कपड्यांना खळ देणाऱ्याला, औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्याला. तेव्हा मोठा व्यापारी गाठला की झाले, असे सर्वांना वाटत होते. वडसा हे आमच्यासाठी रेल्वेचे आणि ठोक व्यापाराचे जवळचे ठिकाण आहे. तेथील एका व्यापाऱ्याने आमचा नमुना बोटांत चोळून पाहिला, माल उत्तम असल्याचे मान्य केले आणि मग म्हणाला, “बाई, मक्याचा असाच पांढरा माल मले चाळीसच्या आसपास घरपोच भेटते. तुमचा कोण घेईन?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मक्याचा स्टार्च मोठ्या कारखान्यांत निघतो, साबुदाणा आणि तो ज्या कंदापासून होतो त्या टॅपिओकाचा स्टार्च तमिळनाडूतील सेलम भागातून येतो, आणि तेथे १९८१पासून उत्पादकांची स्वतःची सहकारी संस्था त्याचा व्यापार सांभाळते. त्या गिऱ्हाइकाला पांढरा, कोरडा आणि स्वस्त माल हवा असतो, आणि तो कोणत्या कंदाचा आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

त्या दिवशी परत आल्यावर आम्ही भाव ठरवणे बाजूला ठेवले आणि आधी खर्च मांडला. बायांची मजुरी धरायची की नाही, यावर गटात बराच वेळ बोलणे झाले, कारण घरच्या कामाची मजुरी धरण्याची सवय कोणालाच नव्हती. मी आग्रहाने रोजगार हमीचा दर धरला. २०२४-२५ साली तो महाराष्ट्रात २९७ रुपये होता. ज्या कामाने हमीच्या मजुरीइतकेही सुटत नाही ते काम बायांनी का करावे, हा माझा प्रश्न होता आणि तो अखेर सर्वांना पटला. ग्रामसभेने ठरवलेल्या १५ रुपये किलोने १०० किलो कंदांचे १,५०० रुपये होतात. धुण्यापासून वाळवण्यापर्यंत पाच बायांचा एकेक दिवस धरला तर १,४८५ रुपये मजुरी होते. आमच्या हाताने १०० किलो कंदांतून सरासरी ११ किलो कोरडे सत्त्व मिळते. म्हणजे पिशवी, वाहतूक आणि तपासणी सोडूनच किलोला २७१ रुपये लागले, आणि ती धरल्यावर आकडा सव्वातीनशेच्या घरात गेला. चाळीस रुपयांच्या मालाशी याची स्पर्धा होऊच शकत नाही. भाव कमी करण्याची धडपड करण्यापेक्षा, ज्याला तिखूरच हवे आहे असा माणूस शोधणे भाग होते.

त्यासाठी माल आधी तसा असावा लागतो. तिखुराच्या कंदांना कडवट, पिवळसर रस असतो आणि तो पाण्याने पुन्हापुन्हा काढावा लागतो. कंद धुऊन, साल खरवडून, पूर्वी खडबडीत दगडावर घासत आणि आता छिद्रे पाडलेल्या पत्र्याच्या किसणीवर किसतात. कीस पाण्यात कालवून जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडातून गाळतात आणि ते गढूळ पाणी रात्रभर नांदीत स्थिर ठेवतात. सकाळी तळाशी सत्त्वाचा घट्ट थर बसलेला असतो आणि वर पिवळे पाणी असते. ते पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचे, नवे पाणी घालून थर ढवळायचा आणि पुन्हा बसू द्यायचा. वरचे पाणी निर्मळ दिसेपर्यंत आणि सत्त्व जिभेवर ठेवले असता कडू लागणे थांबेपर्यंत हे असेच चालते. आमच्या गटातील एक आजी या कामात अशी तरबेज आहे की तळाच्या थरावर नख ओढून, उमटलेल्या रेघेचे काठ पाहून, अजून किती पाणी लागेल ते सांगते. तिच्या सांगण्यावरूनच आम्ही थराचा सर्वांत खालचा, बोटाला खरखरीत लागणारा भाग वेगळा काढायला लागलो, कारण वाळू जड असल्यामुळे आधी तळाशी बसते. प्रयोगशाळेच्या अहवालात आम्लात न विरघळणारी राख असा एक रकाना असतो. तो म्हणजे प्रामुख्याने वाळूमातीचाच हिशेब आहे, हे मला नंतर समजले. आजीचे बोट आणि तो रकाना एकच गोष्ट सांगत होते.

पाण्याचाही फार मोठा वाटा असतो. हातपंपाच्या पाण्यावर काढलेल्या सत्त्वाला वाळल्यावर फिकट तांबूस छटा येई आणि विहिरीच्या पाण्यावरचे सत्त्व शुभ्र राही. आमच्याकडच्या अनेक हातपंपांच्या पाण्यात लोहाचा अंश जास्त असतो आणि भांडे भरून ठेवले की त्यावर लालसर साय येते. तोच अंश सत्त्वात उतरतो. तेव्हापासून तिखुराचे सगळे काम विहिरीजवळच्या पडवीत होते. हंगामही याच कारणाने आखडता आहे. थंडीच्या रात्री नांदीतले पाणी आंबत नाही, पण माघ संपून ऊन तापू लागले की एका रात्रीत त्याला आंबूस वास येतो आणि तो वास मग सत्त्वातून जात नाही. कंदांची पाने वाळल्याशिवाय खणायचे नाही आणि ऊन चढल्यावर गाळायचे नाही, अशा दोन मर्यादांमध्ये वर्षाचे सगळे उत्पादन बसवावे लागते. ज्या खरेदीदाराला दर महिन्याला ताजा माल हवा असतो त्याला मी ही गोष्ट अगदी आधी सांगते.

रताळ्याच्या पिठाचे काम त्या मानाने सोपे आहे. भुंग्याने पोखरलेली रताळी कडू होतात, म्हणून ती निवडून आधीच बाजूला काढावी लागतात. एका कडू रताळ्याने पिठाचा सगळा घाणा बिघडतो. चकत्या कापताच पाण्यात टाकतात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत, आणि मग उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढून तट्ट्यावर स्वच्छ कापड पसरून वाळवतात. चकती वाकली तर ती ओली आहे आणि काडकन मोडली तरच दळायला द्यायची, एवढी एकच कसोटी आम्ही ठेवली आहे. १०० किलो रताळ्यांतून २२ किलोच्या आसपास पीठ मिळते आणि दळण, पिशवी धरून किलोला शंभर रुपये खर्च येतो. हे पीठ हवेतला ओलावा फार लवकर ओढते, त्यामुळे ते दुहेरी पिशवीत घट्ट बांधून पावसाळ्याआधीच विकलेले बरे.

कागदपत्रांच्या कामाला लोक घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखे फारसे काही नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मूलभूत नोंदणी वर्षाला १०० रुपये शुल्कात होत असे आणि अर्ज ऑनलाइन भरता येई. त्यातून मिळणारा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता, तक्रारीसाठीचा फोन आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण हे सर्व पिशवीवर छापावे लागते. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी २०२०मध्ये सुरू झाली, बचत गटाच्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला तेव्हा ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळू शकत असे आणि यंत्रसामग्रीच्या कर्जावर ३५ टक्के अनुदान होते. आम्ही बीज भांडवलातून वजनकाटा, पिशवी बंद करण्याचे यंत्र आणि स्टीलच्या टाक्या घेतल्या. कर्ज काढून मोठे यंत्र घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. तो मला अजूनही पटत नाही, कारण आमचा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा आहे आणि हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो.

पहिले खरे गिऱ्हाईक मार्कंड्याच्या यात्रेत भेटले. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थानाची यात्रा महाशिवरात्रीला भरते. तेथे विदर्भातून आणि सीमेपलीकडूनही माणसे येतात, आणि ती सगळी उपवासाची असतात. तिखुराचा हंगाम नुकताच संपलेला आणि रताळ्यांचे पीठ ताजे, असा हा मुहूर्त आमच्यासाठी अगदी सोयीचा होता. आम्ही एका शेगडीवर तिखुराची खीर शिजवत ठेवली आणि शेजारी १०० ग्रॅमच्या पिशव्या मांडल्या. एक म्हातारी बाई पिशवीतले खडे कानाजवळ चुरगाळत बराच वेळ उभी होती. “माय, हे असली हाये का? माह्या नातवाले पाजाले पाहिजे. दुकानातलं शिजवलं का चिकट होते,” असे ती म्हणाली. तिला खीर चाखायला दिली, तिने डोळे मिटून घोट घेतला आणि चार पिशव्या घेतल्या. किलोला ६०० रुपये या हिशेबाने १०० ग्रॅमचे ६० रुपये होत होते, आणि त्यावर तिने घासाघीस केली नाही. ज्या सव्वातीनशेच्या आकड्याने वडशाचा व्यापारी चकित झाला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट भाव लोक आनंदाने देत होते, कारण त्यांना हा पदार्थ ओळखीचा होता आणि शुद्ध मिळत नव्हता. मोठी पिशवी मात्र कोणी घेईना. २५० ग्रॅमच्या पिशव्या जवळजवळ तशाच परत आल्या, आणि तेव्हापासून आम्ही तिखुरासाठी १०० ग्रॅमचीच पिशवी मुख्य ठेवली आहे.

यात्रेतला हा प्रतिसाद घेऊन मी नागपुरात इतवारीतल्या किराणा व सुक्यामेव्याच्या दुकानांत आणि काही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत गेले. तेथे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे बाजारात तवकीर किंवा आरारूट म्हणून मिळणारा पुष्कळ माल मक्याचा किंवा टॅपिओकाचा असतो, हे दुकानदारांना चांगले ठाऊक आहे. दुसरी म्हणजे त्यामुळे ते खऱ्या मालावरही विश्वास ठेवायला तयार नसतात. एका दुकानदाराने समोरच नमुन्यावर आयोडिनचा थेंब टाकला आणि तो निळा झाल्यावर समाधानाने मान हलवली. पण आयोडिनने कोणताही स्टार्च निळाच होतो. त्यातून नुसता चुना किंवा खडू ओळखता येईल, पण मक्याची भेसळ ओळखता येणार नाही. आमच्या भागातल्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही दाखवले होते. मक्याचे कण कोनदार, एकमेकांवर दाबून बसल्यासारखे असतात आणि तिखुराचे कण चपटे, लांबट, एका टोकाला निमुळते दिसतात. त्या चित्राची छापील प्रत आणि प्रयोगशाळेचा अहवाल मी आता नमुन्याबरोबरच नेते. हे दाखवल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. शुद्धतेचा पुरावा हा आमच्या मालाच्या किमतीतला सर्वांत मोठा भाग आहे आणि त्यावर केलेला खर्च कधीही वाया गेलेला नाही.

दुकानदारांशी व्यवहारात उधारीचा प्रश्न येतोच. एका दुकानाने माल विकला गेल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर माल ठेवून घेतला आणि पैसे पुढच्या हंगामापर्यंत लांबवले. गटातल्या बायांची मजुरी त्यात अडकली होती, आणि ज्या घरात तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत दुसरे उत्पन्न नसते तेथे ही अडचण कागदावर दिसते त्याहून फार मोठी असते. आता आम्ही दुकानांना थोडाच माल देतो, पण रोखीने देतो. उरलेला माल प्रभागसंघामार्फत, म्हणजे परिसरातल्या बचत गटांच्या संघामार्फत, जिल्ह्याच्या प्रदर्शनांत आणि ओळखीतून आलेल्या फोनवरच्या मागण्यांवर जातो.

रताळ्याच्या पिठाची वाट निराळी निघाली. नुसते पीठ म्हणून ते यात्रेत फारसे खपले नाही. लोक हातात घेऊन विचारत, याचे करायचे काय? तालुक्यातील एका बेकरीत बिस्किटांसाठी प्रयोग केला. मैद्यात पाचवा हिस्सा रताळ्याचे पीठ घातले तर बिस्किटे छान, किंचित गोड आणि खमंग झाली. त्याहून जास्त घातले की ती भुसभुशीत होऊन तुटू लागली, कारण या पिठात मैद्यासारखा चिवटपणा धरणारे ग्लुटेन नसते. बेकरीवाल्याला वर्षभर एकसारख्या रंगाचे पीठ हवे होते आणि आमच्याकडे लाल सालीची व पांढऱ्या सालीची रताळी मिसळून येतात, म्हणून ते काम थांबले. खरी मागणी नागपुरातल्या एका महिला गटाकडून आली, जो उपवासाची भाजणी विकतो. भगर, साबुदाणा, राजगिरा आणि शिंगाडा यांच्या मिश्रणात त्यांनी आमचे पीठ घातले. त्याने थालीपीठ मऊ राहते आणि गूळ घालावा लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते ठोक भावाने १३० रुपये किलो देतात, पिशवीचा आणि लेबलाचा खर्च त्यांचा असतो, आणि श्रावणाआधी तसेच नवरात्राआधी मागणी आगाऊ कळवतात. आमच्या दृष्टीने हा सर्वांत निश्चिंत व्यवहार आहे. आज रताळी लावणाऱ्या कास्तकारांना सण संपल्यावर उरलेला माल कोठे न्यायचा हा प्रश्न उरलेला नाही, आणि मला या सगळ्या उद्योगातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तिखुराच्या बाबतीत मात्र मागणी वाढणे हेच चिंतेचे कारण झाले आहे. ऑनलाइन विक्री करणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीने दरमहा ५०० किलो सत्त्व मागितले. ५०० किलो सत्त्वासाठी साडेचार टन कंद लागतात, आणि तेही दर महिन्याला. वनहक्क कायदा, २००६ च्या व्याख्येत गौण वनोपजात मुळे आणि कंद स्पष्टपणे आले आहेत. त्यांवर मालकी गावाची आहे आणि वाहतुकीचा पास देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडेच आहे. म्हणून हा प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवला. चर्चा दिवसभर चालली. काही तरुणांना ही संधी सोडवत नव्हती आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण कामासाठी बाहेरगावी जाणारी तीच मुले आहेत. पण ज्या टेकडीवर व्यापाऱ्यांनी एकदा पाने हिरवी असतानाच खणून नेले, तेथे आज तिखूर शोधावे लागते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. ग्रामसभेने मागणी नाकारली. पाने पूर्ण वाळल्याशिवाय कोणी खणणार नाही आणि मोठा कंद काढल्यावर बाजूची बोटे, म्हणजे त्याला फुटलेले लहान कंद, त्याच खड्ड्यात पुरून माती लोटावी लागेल, असे दोन नियम तिने लेखी केले.

त्याचबरोबर लागवडीला सुरुवात झाली. तिखुराला मोकळ्या उन्हापेक्षा विरळ सावली मानवते, म्हणून बांध्यांच्या धुऱ्यांवर, मोह आणि ऐनाच्या झाडांखाली, तसेच घरामागच्या सांदवाडीत मृगाच्या पावसावर बोटे लावली आहेत. त्यांना वेगळे खत-पाणी लागत नाही. रानडुकरांपासून राखण मात्र करावी लागते, आणि ती कोणी व कशी करायची यावर अजून एकमत झालेले नाही. कंपनीला आम्ही कळवले आहे की वर्षातून एकदाच, फाल्गुनात, जितका माल उरेल तितका देऊ आणि भाव किलोला ४५० रुपयांच्या खाली येणार नाही. त्यांनी या अटी धुडकावल्या नाहीत. लावलेल्या बोटांची पहिली खणणी पौषात होईल, आणि जंगलातल्या कंदांइतकेच सत्त्व त्यांतून निघते की कमी, हे पाहिल्यावर किती किलोंचा शब्द द्यायचा ते गटाच्या बैठकीत ठरेल.